यातला नितीन कोण? (जागा गेल्या, नावं राहिली – ठाणेकरांनी इकडे या)

घंटाळीकर

काल घरी एक गंमत झाली. आमच्या वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, नाशिकचे, दोघंही आयटीत. त्यातला मुलगा लिफ्टमध्ये मला विचारतो, काका एक विचारू का, हा नितीन कोण होता? म्हणलं कुठला नितीन. तर म्हणे रोज रिक्षावाला विचारतो नितीन कंपनीवरून घेऊ का कॅडबरीवरून, कॅडबरी कळलं, पण नितीन? राजकारणी वगैरे होता का?

हसलो खरा पण उत्तर द्यायला गेलो तर लिफ्ट थांबली. मग घरी येऊन बसल्या बसल्या डोक्यात यादीच सुरू झाली. नितीन कास्टिंग्ज, ओतकामाचा कारखाना, त्याच्यावरून नितीन कंपनी. माजिवड्याचं गोल्डन डाईज, रंगांचा कारखाना. वंदना, म्हणजे टॉकीज. चेकनाका, जिथे आता काहीच चेक होत नाही. आपण दिवसभर रिक्षात बसून ज्या ज्या ठिकाणी उतरतो त्यातली निम्मी ठिकाणं मेलेली आहेत आणि आपल्याला पत्ताच नाही, किंवा असं म्हणू की फक्त पत्ताच आहे.

तर धागा काढतोय. नुसतं "काय दिवस होते" नको. काय होतं, कुठे होतं, आत गेल्यावर काय दिसायचं ते लिहा.

चरईची चिंगी

वंदनावर पहिला हक्क माझा!! आमच्या घरी 'वंदनाला जाणे' या क्रियापदाचे दोन अर्थ होते. आई म्हणाली तर पिक्चर, बाबा म्हणाले तर एसटी, म्हणजे आजोळी. त्यामुळे "रविवारी वंदनाला जायचंय" ऐकलं की आधी कोण बोललं ते बघायचं आणि मग नाचायचं.

आता पिक्चर नाही पण पुण्याची शिवनेरी तिथूनच. माझी पुण्यातली जाऊ अजून समजते की वंदना हे त्या स्टँडला कुणा थोर बाईंचं नाव दिलंय.

कोपरी पूर्व

पूर्वेला कोणी विचारतच नाही म्हणून मीच लिहितो. आमचं आनंद टॉकीज. पश्चिमेला वंदना, आराधना, मल्हार, आलोक, प्रभात, अशोक, गणेश एवढी थिएटरं आणि आम्हाला पूल ओलांडून जायचा कंटाळा म्हणून आम्ही आनंदमध्ये लागेल ते बघायचो. चॉईस नाही त्यामुळे भांडणही नाही. एकच पिक्चर तीन तीन वेळा बघितलाय कारण दुसरा लागलाच नव्हता.

तिकीट फाडणारे काका आमच्या चाळीतले होते, त्यांच्यासमोर अठरा वर्षं पूर्ण असल्याचा आव आणायचा हे जगातलं सगळ्यात अवघड काम. ते काही बोलायचे नाहीत, तिकीट हातात घेऊन नुसतं विचारायचे, "दादा घरी आहेत का?" बस. आम्ही उलटे फिरायचो. पैसे मात्र परत मिळायचे नाहीत मग बाहेर ब्लॅकवाल्यालाच तिकीट विकायचं, तो निम्मे द्यायचा.

वागळे २३

थिएटरवरून आठवलं, आराधना टॉकीज म्हणलं की पाचपाखाडीत कुठल्याही रिक्षावाल्याला अजून कळतं. माझा मुलगा गूगल मॅप लावून सोसायटीचं नाव सांगतो, त्याला अर्धा तास फिरवतात.

आणि अशोकचं कसं विसरलात सगळे? स्टेशनला उतरलं की घरी जायच्या आधी अशोक. ऑफिसातून लवकर सुटलेले सगळे काळ्या बॅगा घेऊन मॅटिनीला. अंधारात पंधरा वीस डब्यांचा एकत्र आवाज, इंटरव्हलला उरलेली पोळी भाजी संपवायची म्हणजे घरी डबा रिकामा गेला पाहिजे नाहीतर प्रश्न.

सासुरवाशीण

मी डोंबिवलीची, लग्न होऊन १९८७ ला ठाण्यात आले. मला आठवतो तो वास. कॅडबरीचा. पावसाळी संध्याकाळी हायवेवरून जाताना बसच्या खिडक्या बंद असल्या तरी आत यायचा. कोकोचा वास म्हणजे तुम्ही समजता तसा गोड गोड चॉकलेटचा नव्हता हं, थोडा भाजका, करपल्याच्या अलीकडचा, कॉफी आणि भाजलेले शेंगदाणे याच्या मधला काहीतरी. मला पहिल्या बाळंतपणात डोहाळे त्या वासाचे लागले होते. चॉकलेटचे नाही, वासाचे! नवरा बिचारा रोज कॅडबरी आणून द्यायचा, मी म्हणायची हे नको, तिकडे घेऊन चला. मग स्कूटरवरून जंक्शनला जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं आणि परत यायचं. सासूबाईंना वाटायचं देवळात जातात.

मला तरी तो वास कित्येक वर्षांत आलेला नाही. पण सिग्नलला थांबले की नाक आपोआप उघडतं.

काकाश्री

सासुरवाशीणबाई, मस्त लिहिलंत.

मी सर्वांत जुना दिसतोय इथे, म्हणून थोडं मागचं सांगतो. आमच्या लहानपणी ठाण्यात वेळ सांगायला घड्याळ लागत नसे. भोंगा. सात, तीन, अकरा. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, रात्रपाळी अकरा ते सात. आमच्या आईने सातच्या भोंग्याला कुकर लावला नाही असा दिवस आठवत नाही. तीनचा भोंगा झाला की दारावर पाणी मारायचं कारण वडील यायचे. कामगार रस्त्यावर आले की सायकलींचा नुसता लोंढा, रस्ता ओलांडायचा तर पाच दहा मिनिटं थांबावं लागे आणि गंमत म्हणजे एकही हॉर्न नाही, नुसत्या घंट्या.

रेमंडची गिरणी १९२५ ची. नितीन कोण विचारलंत तर रेमंड कोण तेही विचारा की. आधी ती वाडियांची गिरणी होती, ससूनवाल्यांनी घेतली आणि त्यांच्याकडच्या रेमंड आडनावाच्या संचालकांवरून नाव पडलं, मग १९४४ साली सिंघानियांकडे आली. म्हणजे ते नाव सिंघानियांच्याही आधीचं. आता गिरणीच्या जागेवर टॉवर आहेत पण लोक म्हणतात रेमंडमध्ये फ्लॅट घेतला. गिरणीत आम्ही कापडाच्या चिंध्या आणायला जायचो, गोधडीसाठी. लोकरीच्या चिंध्यांची गोधडी ठाण्याच्या हवेत कशाला हवी होती देव जाणे, पण फुकट मिळतं म्हणून घरोघरी होत्या, मे महिन्यातसुद्धा.

नवठाणेकर

सगळ्यांची माफी मागून एक बोलतो, रागावू नका. मी घोडबंदर रोडवाला, २००५ ला आलो. हे असे धागे वाचले की वाटतं आम्ही ठाण्यात राहतच नाही, कुठल्या तरी वेगळ्या गावात राहतो. तुमचं ठाणं जांभळी नाक्यापासून सुरू होतं आणि नितीन कंपनीला संपतं. माजिवड्याच्या पुढे तुमच्यासाठी जंगल. आणि खरं सांगा, तेव्हा लाईट जायचे, पाणी एक दिवसाआड, त्या रंगाच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांच्या नाकाचं काय व्हायचं ते कोणी लिहीत नाही. भोंगा बंद झाला हे बरंच झालं की.

घंटाळीकर

नवठाणेकर, मुद्दा बरोबर आहे. फक्त जंगल म्हणायचं कारण असं की खरंच जंगल होतं, मानपाड्याला आम्ही सहल न्यायचो, शाळेची, डबे घेऊन, आणि घरून चिठ्ठी सही करून आणावी लागायची, एवढं लांब.

चरईची चिंगी

नवठाणेकर तुम्हाला वीस वर्षं झाली आता, तुमचंही काहीतरी बंद पडलं असेल की. ते लिहा. एवढ्यात सुटणार नाही तुम्ही.

नवठाणेकर

हाहा. खरंय. एटर्निटी मॉल. तीन हात नाका. मी नवीन नोकरीत होतो, पहिल्या पगाराचा शर्ट तिथे घेतला. मुलगी बघायला, म्हणजे मुलीला भेटायला, घरच्यांनी ठरवलेलं, तिथल्याच फूड कोर्टात. दोघांनाही काय बोलावं कळेना तर ती म्हणाली सरकत्या जिन्यावरून वरखाली करूया, तेवढाच वेळ जाईल. पाच फेऱ्या झाल्या. सहाव्या वेळी वॉचमन बघायला लागला. लग्न झालं, चौदा वर्षं झाली. मध्ये एकदा मुलाला दाखवायला घेऊन गेलो तर अर्ध्याहून जास्त गाळ्यांची शटरं खाली आणि जिना बंद. बंद सरकत्या जिन्यावरून चालत चढलात कधी? पायऱ्या विचित्र उंच असतात, पाय चुकतो. मुलगा म्हणाला हेच दाखवायला आणलं का.

च्यायला, मॉलची आठवण काढून गहिवरणारी पहिली पिढी आमचीच.

कोपरी पूर्व

मॉलला नावं ठेवायला आलो होतो, ठेवत नाही आता.

वाशीवाला सेक्टर ९

पाहुणा म्हणून येऊ का? नवी मुंबईकर. आमच्याकडे जुनं काही नाही असं तुम्हा लोकांना वाटतं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, आमची नोडं, म्हणजे वाशीसारखी उपनगरं, त्यानंतरची, पण आता त्यालाही पन्नास वर्षं झाली. वाशीला मेघराज होतं, आमचं एकमेव थिएटर, दर शुक्रवारी अख्खी वाशी तिथे. ट्रेन तर १९९२ च्या मे महिन्यात आली, त्याआधी खाडीपुलावरून बसने मानखुर्दला जायचं आणि तिथून लोकल. कॉलेजात लेट मार्क मिळाला की आमचं कारण ठरलेलं, "पुलावर ट्रॅफिक". खोटं असलं तरी चालायचं, सर कधी वाशीला आलेलेच नसायचे.

आणि ठाण्याला यायचं म्हणजे बेलापूर रोड. २००४ पर्यंत रेल्वे नव्हतीच ठाणे वाशी. त्या रस्त्यावर डोळे मिटून कुठे आलो ते ओळखता यायचं, निव्वळ वासावरून. इथे सडक्या कोबीसारखा, पुढे स्पिरिटसारखा, मग काहीतरी नेलपॉलिशसारखं. बहीण आणि मी पैज लावायचो. नवठाणेकर म्हणतात ते खरं आहे, आज विचार केला की भीती वाटते काय काय छातीत भरून घेतलं. पण नोसिल या रसायनांच्या कंपनीवरून पडलेला नोसिल नाका अजून नोसिल नाकाच आहे, वास गेला, नाव चिकटलं.

सासुरवाशीण

सडका कोबी 😂 अगदी अगदी. माझ्या नणंदेचं सासर तुर्भ्याला होतं, तिच्या साड्यांनासुद्धा यायचा.

वागळे २३

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, लिहितो.

भोंगा बंद झाला ते बरं झालं असं वर आलंय. राग नाही. पण आमच्या घरात तो ज्या दिवशी वाजला नाही तो दिवस मला तारखेसकट आठवतो, तारीख इथे लिहीत नाही. वडील वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होते, नाव नको. २२ वर्षं लेथवर. वागळे म्हणजे एमआयडीसीची अगदी सुरुवातीची वसाहत, साठच्या दशकातली, तिथे नोकरी म्हणजे मुलगी द्यायला लोक तयार असायचे. एक दिवस गेटला नोटीस, कुलूप, आत जाऊन स्वतःची हत्यारंसुद्धा आणू दिली नाहीत. त्यांचा स्वतःच्या पैशाने घेतलेला मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचा, आत राहिला, जपानी, निळ्या मखमलीच्या डबीत. देणी कोर्टात अडकली, कित्येक वर्षांनी मिळाली ती अर्धीमुर्धी. देणी अडकली त्याबद्दल बाबा कधी बोलले नाहीत, मायक्रोमीटरबद्दल मात्र दर दिवाळीला, आणि शस्त्रपूजेला हत्यार नाही म्हणून दसऱ्यालाही.

त्यांचा तिकीट नंबर, म्हणजे कंपनीतला कामगार नंबर, ८१४ होता. डब्याच्या झाकणावर खिळ्याने ठोकून ठिपक्या ठिपक्यांनी ८१४ काढलेलं. कँटीनमध्ये डबे बदलू नयेत म्हणून. तो डबा अजून आहे, आई त्यात हिंग ठेवते.

आता ऐका. मागच्या वर्षी चुलतभावाने फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला गेलो तर ती सोसायटी बरोब्बर त्याच कंपनीच्या जागेवर. मला माहीत होतं, बाबांना सांगितलं नव्हतं. रिक्षातून उतरले, गेटसमोर उभे राहिले आणि काही न बोलता उजवीकडे बघितलं. तिथे एक उंबर आहे, बिल्डरने ठेवलाय, खाली हिरवे दिवे लावलेत. म्हणाले, "हा कँटीनच्या मागे होता." एवढंच. मग गेटवर सिक्युरिटीचा रजिस्टर. नाव, मोबाईल, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण. बाबांनी पेन घेतलं, नाव लिहिलं आणि फ्लॅट नंबरच्या रकान्यात ८१४.

वॉचमन म्हणाला, काका, आठव्या मजल्यावर १४ नंबर नाही, चारच फ्लॅट आहेत. बाबा म्हणाले, "असू दे, आमचं जुनं आहे." मी खोडून ११०२ केलं.

जेवले व्यवस्थित. श्रीखंड दोनदा घेतलं. बाल्कनीतून खाली बघून भावाला सांगत होते की तुमचा स्विमिंग पूल म्हणजे आमची हीट ट्रीटमेंट, तिथे पाणी कधी गार राहायचं नाही बघ.

काकाश्री

८१४. बाबांना माझा नमस्कार सांगा. माझा ३०९ होता, दुसऱ्या कंपनीत. मोबाईलचा पिन अजून त्याच्यावरच आहे, आता सगळ्यांसमोर सांगितला म्हणजे बदलावा लागणार.

नवठाणेकर

वागळे, मी ते भोंग्याचं मागे घेतो. सॉरी.

वागळे २३

अहो नको मागे घेऊ. वास आणि आवाज खरंच वाईट होता. बाबांना डाव्या कानाने ऐकू कमी येतं ते त्यातलंच.

कोपरी पूर्व

जरा विषय हलका करतो. चेकनाका. मुलुंड चेकनाक्याला जकात होती तोवर ट्रकची रांग ही आमची भौगोलिक सीमा होती. रांग दिसली की ठाणं आलं. ठाण्याची जकात २०१३ ला गेली, तिच्या जागी एलबीटी हा स्थानिक कर आला, मुंबईची जीएसटीबरोबर १ जुलै २०१७ ला. त्या रात्री माझा मेव्हणा टेम्पो घेऊन मुद्दाम गेला होता, नुसता अनुभव घ्यायला, की न थांबता कसं वाटतं. म्हणे सवयीने पाय ब्रेकवर गेलाच, मागून शिव्या बसल्या.

आता तिथे काय चेक होतं असं कोणी नवीन माणसाने विचारलं की मी सांगतो, संयम.

चरईची चिंगी

संयम 🤣🤣 हे मी वापरणार.

तलावपाळीचं कोणी लिहिलं नाही कारण तलाव जागेवर आहे म्हणून का? पण कडेचं सगळं बदललं ना. घोडागाडी. मासुंदा म्हणजे तलावपाळीचा तलाव, त्याला एक फेरी, घोड्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची फुलं आणि बाजूला दिव्यांच्या माळा. माझ्या भावाला घोड्याची भीती वाटायची म्हणून तो तोंड मागे करून बसायचा आणि सगळ्या ठाण्याला टाटा करत जायचा. गडकरी रंगायतनचं नाटक सुटलं की ती सगळी माणसं एकदम बाहेर, साड्यांना अत्तराचा आणि बटाटेवड्याचा मिक्स वास. गडकरी १९७८ चं, म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान, आणि त्याचं नूतनीकरण झालं, माझं कोणी करत नाही.

काकाश्री

टांग्यांवरून सांगतो. स्टेशनबाहेर टांगे लागायचे तेव्हा पावसाळ्यात घोड्याच्या पाठीवर गोणपाट आणि टांगेवाल्याच्या डोक्यावरही गोणपाटच, दोघं एकसारखे दिसायचे. टीएमटी, ठाणे पालिकेची बस, १९८९ ला आली, त्याआधी गावात एसटीच. टांग्यात पुढे बसायला मिळावं म्हणून आम्ही भावंडं आठवडा आठवडा आधी नंबर लावायचो. पुढे बसलं की घोड्याची शेपटी तोंडावर. तरी पुढेच बसायचं.

वाशीवाला सेक्टर ९

एक मधेच विचारतो, अवांतर आहे. उद्या पुण्याला जायचंय, सकाळी सातची शिवनेरी. मी ट्रेनने ठाण्याला उतरणार, सामान आहे. रिक्षावाल्याला काय सांगू? ठाण्यात एसटीची तीन ठिकाणं आहेत असं बायको म्हणते.

घंटाळीकर

एसटी स्टँड अजिबात म्हणू नका. नुसतं म्हणलंत तर स्टेशनचा दाखवेल, जास्त बोललात तर खोपटला नेऊन सोडेल आणि सामान घेऊन उलटे चालत याल. वंदना म्हणा.

चरईची चिंगी

नुसतं वंदना नको, "वंदना टॉकीज". टॉकीज म्हणलं की त्याला कळतं तुम्ही इथलेच आहात, मग लांबून नेत नाही.

वाशीवाला सेक्टर ९

पण टॉकीज नाहीये ना आता?

चरईची चिंगी

नाहीये. तुम्ही म्हणा.